दुकान आहे, दुकानदार नाही : कास रोडवरच्या पत्र्याच्या शेडचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, हा भाजीच्या दुकानाचा रिव्ह्यू आहे पण भाजीवर फार लिहिणार नाही, कारण भाजी ठीकठाक आहे. मेथी चांगली, कोथिंबिरीत माती, घेवडा एखाद्या दिवशी लोण्यासारखा आणि एखाद्या दिवशी दोरखंड. पेरू असतात सीझनला, ते मात्र घ्याच. पण आम्ही घाट चढून तिथं जातो ते काही पेरूसाठी नाही.

समर्थ मंदिरापासून कासचा रस्ता धरायचा, घाट चढायचा, यवतेश्वर मागं टाकलं की थोडं पुढं निळ्या पत्र्याची एक शेड दिसते. नाव नाही, बोर्ड नाही. फळ्यांवर भाजी मांडलेली, वरनं ओलं पोतं, बाजूला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्याच्या झाकणाला पैसे टाकायला खाच पाडलेली, एक क्यूआर कोड आणि पाटीवर खडूनं लिहिलेले भाव. माणूस नाही. कुणीच नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पाच मिनिटं 'आहे का कुणी, ओ, आहे का कुणी' करत उभा होतो, शेवटी मागच्या वावरातनं एक काकू ओरडल्या, "घ्या की तुमच्या हातानं, पैसं डब्यात टाका!" आणि परत खुरपायला वाकल्या. वळून बघितलं पण नाही मी किती पेंड्या उचलल्या ते.

आता माझं सांगतो म्हणजे मला हे एवढं का लागलं ते कळेल. माझं साताऱ्यात झेरॉक्सचं दुकान आहे. गेली एकोणीस वर्षं. आणि माझ्या काउंटरवरचा पेन सुतळीनं बांधलेला आहे. सुरुवातीला नव्हता, पहिल्या वर्षी मी मोकळा ठेवायचो, महिन्याला एक डझन पेन जायचे, आणि नेणारे कोण तर शिक्षक, वकील, ग्रामसेवक, एकदा तर एक महाराज. चोर कुणीच नाही, सगळे 'अरे चुकून खिशात आला' वाले. पण चुकून कुणाचा पेन माझ्याकडं कधी राहिला नाही हो. तर असा मी माणूस, पाच रुपयाचा पेन बांधून ठेवणारा, आणि ही बाई अख्खं दुकान सोडून खुरपायला जाते, म्हटल्यावर मला पहिल्या दिवशी कौतुक नाही वाटलं, खरं सांगायचं तर थोडा राग आला.

शेडमध्ये एक वही आहे. शंभर पानी, मुलांची असते तसली, वरती पेन्सिल बांधलेली (बघा, पेन्सिल बांधलेली आहे, म्हणजे काकूंनाही थोडा अनुभव असणार). त्या वहीत उधारी लिहायची. आपली आपण. सुटे नाहीत, मोबाईलला रेंज नाही, पाकीट घरी राहिलं, काहीही असो, लिहायचं आणि भाजी न्यायची. मी सगळी वही चाळली, म्हणजे तेवढं बरोबर नाही पण चाळली. 'मेथी २, पैसे उद्या, दूधवाला.' 'पेरू १ किलो, सुट्टे नाहीत, एमएच ११ पांढरी स्विफ्ट.' 'मागच्या रविवारचे १५ टाकले.' एका पानावर लहान पोराच्या अक्षरात 'एक पेरू खाल्ला. आईला सांगू नका.' त्याच्याखाली काकूंच्या नातीनं असावं, 'बरं' असं लिहिलंय. मी त्या दिवशी मेथी घेतली पंधराची, दहाचं एकच नाणं होतं, लिहिलं '५ बाकी, झेरॉक्स'. आणि पुढं दोन आठवडे त्या पाच रुपयांनी मला जेवढा त्रास दिला तेवढा बँकेच्या हप्त्यानं कधी दिला नाही. शेवटी रविवारी फक्त पाच रुपये द्यायला घाट चढलो, पेट्रोल किती जळलं ते विचारू नका.

साउंडबॉक्सचं पण सांगायला पाहिजे. काकूंच्या लेकानं बसवून दिलाय, तो पुण्याला आयटीत आहे. तुम्ही स्कॅन करून पैसे टाकले की तो डबा त्या रिकाम्या शेडमध्ये जोरात ओरडतो, इतके इतके रुपये मिळाले म्हणून. ऐकायला कोण तर तुम्ही, आणि समोरच्या आंब्यावरची माकडं. पहिल्या वेळी मला हसू आलं. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की तो काकूंसाठी नाहीच, तो मला सांगतोय की तू दिलेस, ऐकलं मी.

हे घरी सांगितलं तर आमची कन्या, जी पुण्याला सायकॉलॉजी करते आणि सुट्टीला आली की आम्हाला सगळ्यांना पेशंट समजते, ती म्हणाली, पप्पा, ह्याच्यावर रिसर्च आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत स्टाफच्या चहा-कॉफीच्या खोलीत असाच डबा होता, ज्यानं त्यानं आपले पैसे टाकायचे. तिथं रेटच्या कागदावर वर एक आठवडा फुलांचा फोटो लावला, पुढच्या आठवड्यात डोळ्यांचा, नुसते डोळे, तुमच्याकडं बघणारे, परत फुलं, परत डोळे, असं दहा आठवडे. आणि जेवढं दूध संपलं त्या हिशोबानं डोळ्यांच्या आठवड्यात जवळजवळ पावणेतीनपट पैसे जमले. २००६ चा पेपर. मी म्हटलं ह्यात काय नवीन, आपल्याकडं जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स बसवतात, ते काय युनिव्हर्सिटीला विचारून बसवतात का.

मग मला आठवलं, शेडमध्ये पण फोटो आहे. डब्याच्या बरोब्बर वर, प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये. पण तो महादेवाचा, आणि महादेवाचा म्हणजे पिंडीचा. पिंडीला डोळे कुठले. पोरगीला हे सांगितल्यावर ती पाच मिनिटं हसत होती आणि मग म्हणाली, तसंही पप्पा, त्या डोळ्यांचं काही खरं नाही, २०१७ मध्ये असले सगळे प्रयोग एकत्र करून तपासले तर डोळ्यांच्या चित्रांनी माणसं जास्त उदार होतात असं काही पक्कं दिसलं नाही. म्हणजे आधी सांगायचं विज्ञानानं सिद्ध झालंय, आणि मी दुकानात दोन डोळे छापून पेनाच्या वर चिकटवावेत असं मनाशी ठरवलं की मग सांगायचं की नाही झालं. (चिकटवले होते मी. आठ दिवस ठेवले. गिऱ्हाईक विचारायचं, हे नजरेसाठी लावलंय का, लिंबू-मिरची पण लावा.)

आणि ह्याच्यावर कडी म्हणजे, फॉर्मवर सही खाली घेण्याऐवजी आधी वरती घेतली तर माणसं खरी माहिती भरतात असा एक पेपर २०१२ ला आला होता, जगभर गाजला, आणि २०२१ मध्ये तो मागं घ्यावा लागला, कारण त्यातली गाड्यांच्या विम्याची, गाडी किती मैल पळाली त्याची आकडेवारी चक्क बनावट निघाली. प्रामाणिकपणावरचाच पेपर! मी हे जेव्हा ऐकलं तेव्हा माझ्या हातात स्वयंघोषणापत्राचा गठ्ठा होता, दोन रुपयाला एक विकतो मी, 'वरील माहिती खरी असून खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन', खाली सही. लोक न वाचता करतात. वर असती तरी न वाचताच केली असती.

असो. काकूंकडं परत येऊ. एका संध्याकाळी पाऊस लागला म्हणून मी शेडमध्येच अडकलो आणि काकू डबा उघडायला आल्या. मला म्हणाल्या, "बसा भाऊ, जरा मोजायला लागा, माझा चष्मा वर घरात राहिलाय." डबा पालथा केला. दहाची नाणी, मऊ पडलेल्या नोटा, एक शर्टचं बटण, एका कागदात गुंडाळलेला कंदी पेढा (हा कुणी आणि का टाकला, त्या खाचेतनं कसा गेला, देवाला माहीत) आणि दोन फाटक्या विसाच्या नोटा, ज्या आपल्याला कुणीतरी खपवलेल्या असतात आणि आपण पुढं खपवायला जागा शोधत असतो. सकाळी ठेवलेला माल वजा उरलेला, असा हिशोब धरून त्या दिवशी ८६० चा माल गेला होता. डब्यात निघाले ५१०. मोबाईलवर २८५. वहीत उधारी ३०. म्हणजे तूट पस्तीस रुपयांची.

मी म्हटलं काकू, पस्तीस रुपये गेले. तर त्या म्हणाल्या, "गेलं कुठं. मंडईत बसले असते तर वडापच्या जीपलाच त्याच्यापेक्षा जास्त गेलं असतं, वर दिस मोडला असता. हितं माझं खुरपून झालं, म्हशीचं झालं, नातीला शाळंतनं आणलं." आणि फाटक्या नोटा बाजूला काढून म्हणाल्या, "ही मात्र चोरी हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पस्तीस रुपये न देणारा चोर नाही, फाटकी नोट घालणारा चोर. का, तर न देणाऱ्यानं कदाचित विसरलं असेल, कदाचित त्याच्याकडं नसेल, पण फाटकी नोट घालणाऱ्यानं दिल्याचं नाटक केलं.

कांट नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता होऊन गेला, त्यानं १७८५ साली नेमकं दुकानदाराचंच उदाहरण दिलंय. एक दुकानदार आहे, तो लहान पोरालाही जास्त भाव लावत नाही, सगळ्यांना एकच भाव. कांट विचारतो, हा प्रामाणिक आहे म्हणून तसं करतो की धंदा बरा चालतो म्हणून? दुसरं असेल तर त्याच्या वागण्यात काही चूक नाही पण नैतिक मोल पण नाही. मला हे वाचून कायम थोडं चिडायला होतं, कारण मी दुकानदार आहे आणि माझं पण एकच रेट असतं, आणि खरं सांगू, मला स्वतःला माहीत नाही मी कुठल्या कारणानं ठेवतो. पण कांटनं गिऱ्हाइकाचं काही सांगितलं नाही, आणि दुकानात नसलेल्या दुकानदाराचं तर नाहीच नाही. काकूंचा हिशोब तर उघड उघड धंद्याचा आहे, वडापचं भाडं आणि मोडलेला दिवस. विश्वास वगैरे शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही. आणि तरी फाटक्या नोटेवर त्यांचा आवाज बदलला, तो काही चाळीस रुपयांसाठी नव्हता.

तर असं सगळं छान चाललेलं असताना कॅमेरा आला.

लेक गणपतीला आला, त्यानं आईचा हिशोब बघितला आणि त्याला पटलं नाही. त्याचंही चुकलं नाही हो, आई एवढी राबते आणि कुणीतरी फुकट नेतंय हे कुठल्या लेकाला सहन होईल. ३२०० चा कॅमेरा, सोलरवाला, सिमकार्डवाला. म्हणजे रोजची पस्तीस धरली तर तीन महिन्यांची तूट त्यानं एका दिवसात करून दाखवली, वर रिचार्ज वेगळा. शिवाय फ्लेक्स लावला, 'आपण सीसीटीव्हीच्या कक्षेत आहात. पैसे न देता माल नेल्यास पाचपट दंड आकारण्यात येईल.'

मी पुढच्या रविवारी गेलो. काय सांगू, मी तीच मेथी घेतली, तेच पंधरा रुपये काढले, आणि डब्यात टाकायच्या आधी नोट आणि नाणं वर धरून कॅमेऱ्याला दाखवलं. मीच! कुणी सांगितलं नव्हतं. आरतीच्या ताटात शंभराची नोट टाकताना कसे काही लोक ती जरा उलगडून टाकतात, तसं. गाडीवर बसल्यावर स्वतःचीच लाज वाटली, इतकी वर्षं लोकांना हसलो मी त्याच्यावर.

'कर नाही त्याला डर कशाला' हे मला सगळ्यांनी ऐकवलं. आमच्या हिनं पण ऐकवलं. ह्या म्हणीची गंमत अशी की ती कायम ज्याच्या हातात कॅमेरा असतो तोच म्हणतो. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आता तो काही मेथीच्या पेंडीसाठी सांगितलेला नाही हे मलाही कळतं, आणि काकूंच्या जागेत काकूंनी काय लावायचं हा काकूंचा प्रश्न. माझं म्हणणं एवढंच की डर नसूनही माणूस बदलतो. एका मोठ्या मॉलमध्ये (नाव नको) बिल देऊन बाहेर पडताना दारातला माणूस पिशवीत डोकावतो आणि बिलावर पंच मारतो, तेव्हा मी काही केलेलं नसतं, तरी माझी चाल बदलते, मी उगाच जरा जास्त ताठ चालतो आणि पिशवी उघडी करून आधीच पुढं धरतो. तशी माझी चाल काकूंच्या शेडमध्ये बदलली.

पण खरी गोष्ट वहीची. कॅमेरा लागल्यानंतर वहीत नवीन काहीच नाही. मी सलग तीन-चार रविवार बघितलं, एक ओळ नाही. आधी विचार केला की लोक आता बरोबर पैसे देत असतील, उधारीची गरज उरली नसेल. मग एकदा माझ्याकडंच पाचशेची नोट होती, रेंज नव्हती, पेन्सिल हातात घेतली आणि वर बघितलं, तो लाल दिवा. आणि मी पेन्सिल खाली ठेवून पेरू परत ठेवून निघून आलो. कारण वहीत लिहिणं आधी काकूंना सांगणं होतं, आता ते कॅमेऱ्यासमोर जबाब देणं झालं. पैसे न देता माल नेणारा म्हणून फ्लेक्सवर लिहिलंय तो मीच की. उधारीला त्या फ्लेक्सवर जागाच नव्हती. एक तर दिले, नाही तर चोर.

आणि तूट? काकूंना विचारलं. "पंचवीस-तीस असतीच की." म्हणजे ज्याला न्यायचं तो नेतोच आहे, टोपी खाली ओढतो आणि नेतो. वही लिहिणारे तेवढे गेले.

पाचपट दंडाचं तर वेगळंच झालं. इस्राएलमध्ये हैफा शहरात पाळणाघरांवर प्रयोग झाला होता, २००० साली छापून आला, बऱ्याच जणांना माहीत असेल. आईबाप पोरांना न्यायला उशीर करायचे म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला, दहा शेकेल. उशीर कमी व्हायचा सोडून जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळायला व्हायचं, आता वाटायला लागलं पैसे भरतोय की. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नंतर दंड काढून टाकला तरी उशीर काही कमी झाला नाही. ओशाळेपण एकदा विकलं की परत घेता येत नाही.

काकूंच्या डब्यात एक दिवस ७५ रुपये निघाले एका चिठ्ठीत गुंडाळून. 'मागच्या महिन्यात एक मेथी नेली होती. दंडासकट.' पोरगी म्हणाली हैफाच्या उलटं झालं की हे, माणूस सुधारला. मला तसं वाटत नाही. त्याला पंधरा रुपये आणि 'माफ करा' एवढं लिहिता आलं असतं, त्याऐवजी त्यानं दर बघितला, भरला, सुटला. काकूंना तर ते पैसे हातात धरवेनात. "साठ रुपयं जास्तीचं हायेत. आता ह्येला हुडकू कुठं मी?" म्हणून त्यांनी ते साठ रुपये वेगळ्या डबीत ठेवलेत, अजून तिथंच आहेत. लेकानं लावलेला दंड आईला वसूल करता येत नाही, आला तरी झोप लागत नाही.

बाहेरच्या गाड्यांचं बोललं पाहिजे, कारण कुणाशीही विषय काढा, पहिलं वाक्य हेच येतं की आपली माणसं नेत नाहीत ओ, ते फुलं बघायला येतात ते पुण्या-मुंबईचे. सप्टेंबरात कासला फुलांचा सीझन असतो, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तर रांगा. शनिवार-रविवारी शेडसमोर वीस-वीस गाड्या थांबतात. आणि हिशोबानं बघितलं तर बरोबर पण वाटतं, जो परत येणारच नाही तो कशाला प्रामाणिक राहील. परत परत गाठ पडणार असेल तरच माणसं नीट वागतात, असं मी पण समजत होतो. पण मोजलं तर काकूंच्या तुटीत सीझनला आणि एरवी फार फरक नाही, माल जास्त जातो म्हणून तूट थोडी जास्त, एवढंच. आणि ती पेढ्याची पुडी? ती तर सातारकरानंच टाकली असणार ना.

चाळीस देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांवर पाकिटं 'सापडली' म्हणून हॉटेल, बँक, पोस्ट असल्या ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली, २०१९ चा अभ्यास, भारत पण होता त्यात. पारदर्शक पाकीट, आत व्हिजिटिंग कार्ड, एक किल्ली, आणि त्या त्या भाषेतली किराणा सामानाची यादी. काहींत पैसे, काहींत नाहीत. मी आधी म्हटलं पैसेवालं पाकीट कोण कळवतंय, आणि अभ्यास करणाऱ्यांनी जाणकार अर्थतज्ज्ञांना विचारलं तर त्यांचाही अंदाज माझ्यासारखाच चुकला. बिनपैशाच्या पाकिटासाठी मालकाशी संपर्क केला शंभरात चाळीस जणांनी, पैसेवाल्यासाठी एक्कावन्न जणांनी. मी काउंटरमागचा माणूस आहे, माझ्याकडं आधार कार्डं राहतात, पासबुकं राहतात, एकदा एकाचं मंगळसूत्राचं बिल आणि आत खरंच मंगळसूत्र राहिलं होतं. दुसऱ्याचं कार्ड राहिलं तर मी ड्रॉवरमध्ये टाकतो, येईल म्हणतो. मंगळसूत्रासाठी मी दुकान बंद करून करंज्यापर्यंत घर शोधत गेलो होतो. चांगला माणूस म्हणून नाही हो, ते ड्रॉवरमध्ये असताना मला चहा गिळेना. म्हणजे तो एक्कावन्नचा आकडा मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माकडांचं राहिलंच. कॅमेरा गेला तो माकडांमुळं. वायर तोडली, पॅनल खाली पाडलं, आणि लेकाच्या मोबाईलवर शेवटचं रेकॉर्डिंग काय, तर एक भलं मोठं तोंड आणि जवळनं दिसणारे दात. पाचपट दंड लावा म्हटलं. तसं कॅप्युचिन माकडांवर २००३ चा एक प्रयोग आहे, दोन माकडांना एकाच कामाबद्दल काकडी दिली तर दोघं खुशाल खातात, पण शेजारच्याला द्राक्ष मिळालेलं दिसलं की काकडीवालं माकड काकडी फेकून मारतं. त्याला अन्याय कळतो म्हणायचं की नुसतं द्राक्ष हवं असतं, ह्याच्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. कास रोडची माकडं एवढ्या खोलात जात नाहीत, ती पेरू नेतात. पण पिशवी घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकांना अडवतात आणि काकूंना नाही अडवत, हे मी डोळ्यांनी बघितलंय, काकूंच्या हातात काठी असते हे कारण असू शकतं.

लेक अजून नवीन कॅमेरा घेऊन आलेला नाही. काकू त्याला फोनवर 'बघू, बघू' म्हणतात. फ्लेक्स तेवढा काढलाय, आता तो उलटा करून पोत्यांवर पावसासाठी टाकलाय, कोपऱ्यातनं 'आकारण्यात येईल' एवढं दिसतं.

वही सुरू झाली का? हळूहळू. हैफाचं आठवून मी धास्तावलो होतो. पहिले दोन आठवडे कोरी होती. मग मी एका रविवारी खिशात सुटे असताना मुद्दाम लिहिलं, 'कोथिंबीर १, १० बाकी, झेरॉक्स'. खोटं लिहिलं म्हणजे. उधारी खरी पण अडचण खोटी, ह्याला कांट काय म्हणाला असता ते मला ऐकायचं नाही. पुढच्या रविवारी माझ्या ओळीखाली तीन नवीन ओळी होत्या.

आता कामाचं. सकाळी नऊच्या आत गेलात तर मेथी ताजी, दुपारी पोत्याखाली मऊ पडते. भाव मंडईपेक्षा दोन-पाच रुपये इकडं तिकडं, घासाघीस करायला समोर कुणी नाही हा फायदा की तोटा तुम्ही ठरवा. रेंज जिओला बरी. गाडी वळणावर लावू नका, पुढं सपाट जागा आहे. सुटे घेऊन जा आणि फाटक्या नोटा स्वतःकडंच ठेवा, काकूंना कळतं. कोथिंबीर तीन पाण्यांत धुवा. भाजीला पाचपैकी तीन, दुकानाला साडेचार. अर्धा कापला तो घेवड्यासाठी, परवाच्या घेवड्याचे दोरे काढून काढून आमच्या हिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

पेन्सिल मात्र मधल्या काळात कुणीतरी नेली, नुसती सुतळी लटकत होती. मी माझ्या काउंटरवरचा एक निळा पेन नेऊन ठेवलाय. बांधूनच ठेवलाय. आणि मंगळवारी शेड बंद असते, उगाच घाट चढू नका.